एएन-32 कामून बदलंनात? जुन्या इंजिन फिटरचं जरा लांबलेलं उत्तर

लातूरला डिप्लोमा करणाऱ्या एका पोरानं विचारलंय, थोडक्यात असं: "काका, एअरफोर्सची एएन-32 ही माल आणि जवान नेणारी विमानं चाळीस वर्षांची झाली, अजून कामून बदलंनात? सी-295 आलीत की, मग तीच त्यांच्या जागी का लावत नाहीत? आणि ते एमटीए एमटीए करायलेत ते नेमकं काय, त्यात कोणतं विमान घ्यायला पाहिजे? आणि माझ्यासारख्यानं यात शिरायचं तर काय शिकायचं?"

मी एअरफोर्समध्ये इंजिन फिटर होतो, नोकरीचा बहुतेक काळ ट्रान्सपोर्टच्या विमानांवरच गेला, आधी अॅव्ह्रो मग एएन-32, आता उदगीरला घरी शेती बघतो. वेळ हाय, त्यामुळं उत्तर लांब होणार, आधीच सांगून ठेवतो.

पहिला गोंधळ आधी काढू. सी-295 ही एएन-32 च्या जागी आलेलीच नाहीत, ती अॅव्ह्रोच्या जागी आलीत. पेपरात "जुन्या विमानांच्या जागी" एवढंच छापतात आणि लोकं समजतात की झालं, आता एएन-32 भंगारात. तसं नाही. अॅव्ह्रो म्हणजे एचएस-748, मूळ इंग्लंडचं डिझाईन, आपल्याकडं कानपूरला बनायचं, कानपूरच्या पहिल्या विमानानं 1961 च्या नोव्हेंबरात उड्डाण केलं आणि एचएएलनं (सरकारी विमान कंपनी) एकूण 89 बनवली. रोल्स रॉइसचं डार्ट इंजिन, त्याची शिट्टी एकदा ऐकली की आयुष्यभर लक्षात राहती. व्हीआयपी न्यायला, ट्रेनिंगला, थोडाफार माल न्यायला बरं होतं, पण मागं रॅम्प, म्हणजे खाली उतरणारं मोठं दार नव्हतं, सगळा माल बाजूच्या दारातून चढवायचा, म्हणजे जीप चढवायची म्हटलं तरी घाम निघायचा.

तर त्या अॅव्ह्रोच्या जागी 56 विमानं घ्यायची म्हणून 2013 ला टेंडर काढलं, अट अशी की परदेशी कंपनीनं भारतातली प्रायव्हेट कंपनी सोबत घ्यायची, एचएएल नाही. बोली आली एकच, एअरबस आणि टाटांची. आता आपल्याकडं एकच बोली आली की फाईलला घाम फुटतो, सिंगल व्हेंडर म्हणून कुणी सही करायला धजत नाही. 2015 ला मंजुरी मिळाली, त्यानंतर भावावर घासाघीस चालू, आणि करार झाला 24 सप्टेंबर 2021 ला, 21,935 कोटींचा. पहिलं विमान 2023 च्या सप्टेंबरमध्ये स्पेनमधल्या सेव्हिलला ताब्यात मिळालं. 16 तिकडून तयार आली, ती 2025 च्या ऑगस्टपर्यंत सगळी मिळाली, उरलेली 40 वडोदऱ्याला टाटांच्या कारखान्यात बनणार आणि शेवटचं 2031 ला येणार असं वेळापत्रक हाय. म्हणजे टेंडर ते शेवटचं विमान, अठरा वर्षं. टेंडर निघालं तेव्हा पहिलीत बसलेलं पोरगं शेवटचं विमान येईपर्यंत नोकरीला लागलेलं असंल. आणि हे सगळ्यात सोपं काम होतं बरं का, अॅव्ह्रोच्या जागी काहीही ठेवलं असतं तरी ते अॅव्ह्रोपेक्षा बरंच निघालं असतं.

एएन-32 चं तसं नाही. तिच्या जागी ठेवायला विमान सापडत नाही, कारण ती अडाणी दिसत असली तरी लई खास गोष्ट हाय. आता हे नीट समजून घे, बाकी सगळं यावरच उभं हाय.

सोव्हिएत लोकांचं एएन-26 नावाचं विमान होतं, दोन इंजिनं, साधारण 2800 हॉर्सपॉवरची एकेक. आपल्याला पाहिजे होतं लडाखला आणि ईशान्येला डोंगरात जाणारं. तर त्यांनी त्याच सांगाड्यावर 5000 हॉर्सपॉवरच्या वरची एआय-20 इंजिनं बसवली, जवळजवळ दुप्पट. एवढ्या इंजिनाला पंखा, म्हणजे प्रॉपेलरही मोठा लागतो, साडेचार मीटरच्या वर व्यास, तो बॉडीला नि जमिनीला लागू नये म्हणून इंजिन उचलून विंगच्या वर बसवलं. म्हणून एएन-32 समोरून बघितली की खांदे उडवल्यासारखी दिसती. त्या उंच इंजिनापायी आम्हा फिटर लोकांचे लई हाल, साधा प्लग बघायचा तरी उंच स्टँड ढकलत आणायचा, आणि लेहला पहाटे लोखंडी स्टँडला हात लागला की कातडं चिकटतं. पण त्या इंजिनाला शिव्या देताना पण माहीत होतं की हेच आपल्याला परत घेऊन जाणार हाय.

कारण असं की लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांच्या वर हाय. तिथं हवा समुद्रसपाटीच्या जवळपास पाऊणच. हवा पातळ म्हणजे इंजिनाला श्वास कमी, पंख्याला पकड कमी आणि मेन विंगला उचल कमी, तिन्हीकडून मार. उन्हाळ्यात दुपारी ती आणखी पातळ होती आणि वाराही सुटतो, म्हणून तिथली उड्डाणं सकाळीच उरकायची. आणि ट्रान्सपोर्टच्या विमानाला खरी परीक्षा दोन्ही इंजिनं चालू असतानाची नसतीच. परीक्षा अशी असती की टेकऑफच्या ऐन वेळी एक इंजिन गेलं, तर राहिलेल्या एकावर, समोर डोंगर असताना, वर चढता येतंय का. दोन इंजिनांच्या विमानात एक गेलं म्हणजे निम्मी ताकद गेली. मग हे जमवायचं तर माल कमी करायचा, अजून कमी करायचा, आणि शेवटी असं होतं की विमान जातंय पण नेतंय काहीच नाही.

आता हिशोब बघ. एएन-32 चं पूर्ण भरलेलं वजन 27 टन, ताकद दोन्ही मिळून दहा हजार हॉर्सपॉवरच्या वर. सी-295 चं जास्तीत जास्त वजन 23 टनांच्या आसपास, इंजिनं प्रॅट अँड व्हिटनीची पीडब्ल्यू127, 2645 हॉर्सपॉवरची एकेक, म्हणजे दोन मिळून सव्वापाच हजारांच्या आसपास. टनामागं ताकद काढली तर एएन-32 दीडपटीच्या वर जाती. सपाटीवर सी-295 जास्त माल नेती, एएन-32 पावणेसात टन आणि ही नऊ टनांपर्यंत, तेल कमी पिती, आत काचेचं कॉकपिट, सगळं नवं. पण डोंगरात उंच गेल्यावर हे अंतर बदलतं. म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सी-295 एएन-32 चं सगळं काम करणार नाही, पण अर्धं नक्की करंल, आणि ते अर्धं तिला द्यायलाच पाहिजे, त्यावर पुढं येतो.

आता म्हातारपणाचं. लोकं म्हणतात चाळीस वर्षांचं विमान, बाप रे. तर विमानाचं वय तीन घड्याळांवर मोजतात: किती तास उडालं, किती वेळा उतरलं आणि कॅलेंडरची किती वर्षं झाली. ट्रान्सपोर्टच्या विमानात उतरण्याचं घड्याळ जोरात पळतं, कारण फेऱ्या छोट्या. चंदीगड ते लेह जेमतेम तासाभराचं अंतर, त्यात एकदा हवा भरून बॉडी फुगती, एकदा रिकामी होती, एकदा चाकं आपटतात. विंग जिथं बॉडीला जोडली जाती तिथं प्रत्येक वेळी ताण येतो आणि बारीक चीर कधी पडंल सांगता येत नाही, डोळ्याला दिसत नाही, त्यासाठी एडी करंट, डाय पेनिट्रंट अशा टेस्ट करायच्या. हे सगळं करता येतं. पैसा आणि वेळ दिला तर सांगाडा साठ वर्षंही चालवता येतो, जगात डाकोटा अजून उडतेत.

कॅलेंडरचं घड्याळ मात्र चोर हाय. विमान उभं असलं तरी चालू राहतं. वायरिंगचं इन्सुलेशन कडक होऊन तडकतं, रबराचे सील सुकतात, होजपाईप आतून सुटतात. आणि गंज. लोकांना वाटतं गंज पावसानं येतो. आमच्याकडं गंज बकऱ्यांनी यायचा. हसू नको. सीमेवरच्या पुढच्या पोस्टांवर ताजं मटण लागतं आणि तिथं फ्रीजची सोय नसायची, म्हणून जिवंत बकऱ्या विमानातून जायच्या. तासभर ती जनावरं आत, ताडपत्री अंथरली तरी मूत फटींतून फ्लोअरच्या खाली जाणारच, आणि अॅल्युमिनियमला त्याच्यासारखा शत्रू नाही. मोठ्या सर्व्हिसिंगला फ्लोअर उचललं की खालच्या फ्रेमवर पांढरी बुकटी दिसायची, ती खरवडायची, किती धातू उरला ते मोजायचं, मर्यादेत असंल तर रंग मारायचा, नसंल तर तुकडा बदलायचा. शिवाय रॉकेलचे डबे, सिमेंट, पीठ, जखमी माणसं, कधी शवपेटी, सगळं त्याच फ्लोअरवरून. प्रवासी विमानाचं चाळीस आणि असल्या विमानाचं चाळीस एक नाही.

पण खरा मारेकरी यातलं काहीच नाही. खरा मारेकरी म्हणजे सुटे भाग.

एएन-32 आपल्याकडं 1984 पासून आल्या, शंभराच्या वर घेतल्या. तेव्हा सोव्हिएत युनियन एक होता, पत्र एकाच ठिकाणी टाकायचं. 1991 ला तो फुटला आणि अँटोनोवची कंपनी कीव्हला, इंजिनाचा कारखाना झापोरीझ्झ्याला, म्हणजे दोन्ही युक्रेनमध्ये राहिले. तरी चालायचं. 2009 ला युक्रेनशी करार झाला, साधारण 40 कोटी डॉलरचा, 105 विमानांचं आयुष्य 25 वरून 40 वर्षांपर्यंत वाढवायचं आणि आतलं नॅव्हिगेशन, रडार वगैरे नवं टाकायचं. 40 विमानं तिकडं जाऊन आली, उरलेली आपल्या कानपूरच्या एक नंबर बेस रिपेअर डेपोत करायची, किट तिकडून येणार. आणि 2014 ला रशियानं युक्रेनचा क्रिमिया घेतला. किट यायची बोंबाबोंब. काही पार्ट असे की युक्रेनची कंपनी बनवायची पण त्याचा कच्चा तुकडा रशियातून यायचा, आणि हे दोघं आता एकमेकांचं तोंड बघंनात. 2022 नंतर काय झालं ते तुला माहीतच हाय, झापोरीझ्झ्या तर लढाईच्या रेषेजवळच.

असं झालं की हँगरमध्ये काय होतं सांगतो. एक विमान पंपासाठी उभं, दुसरं व्हॉल्व्हसाठी उभं. मग दुसऱ्याचा पंप काढून पहिल्याला लावायचा, पहिलं उडालं, दुसरं आता दोन गोष्टींसाठी उभं. कॅनिबलायझेशन म्हणतात याला. कागदावर पार्ट मिळाला, पण काम चौपट झालं: एकदा काढा, एकदा बसवा, दोन्हीकडं टेस्ट करा, पुन्हा नवा आला की परत काढा-बसवा, आणि प्रत्येक वेळी एखादा नट घासतो, एखादा पाईप वाकतो. जे विमान एकदा असं पार्ट द्यायला कोपऱ्यात उभं राहिलं ते लवकर उठत नाही. ताफा शंभरचा असतो पण सकाळी टार्मॅकवर तयार किती, हा आकडा वेगळा, आणि लढाईत तोच आकडा उपयोगाचा.

तरी आपल्या लोकांनी लई मेहनत केली. कानपूरच्या डेपोनं बरंच काही स्वतःच बनवून घेतलं, लहान कारखान्यांकडून पार्ट करून घेतले. मेंटेनन्स कमांडचं हेडक्वार्टर आपल्याच नागपूरला हाय, त्यांचं हे रोजचं दुखणं. एअरफोर्सनं बायोफ्युएल मिसळून पहिलं उडवलेलं विमान पण एएन-32 च, 2018 च्या डिसेंबरात.

इथं एक गोष्ट मधेच सांगतो, कारण अपघात झाला की प्रत्येक जण "जुनाट विमान, उडती शवपेटी" म्हणून मोकळा होतो. 2016 च्या जुलैमध्ये तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेली एएन-32, 29 माणसांसकट बंगालच्या उपसागरावर नाहीशी झाली, तिचे अवशेष समुद्राच्या तळाशी 3400 मीटरवर सापडल्याचं 2024 च्या जानेवारीत कळलं, साडेसात वर्षांनी. 2019 च्या जूनमध्ये जोरहाटहून मेचुकाला जाताना अरुणाचलच्या डोंगरात एक पडली, 13 जण गेले, आठ दिवस शोध चालला. दुसऱ्या अपघातात ढग, दरी आणि डोंगर हा विषय मोठा, तिथं नवं कोरं विमानही पडू शकतं, आणि नव्या अमेरिकन सी-130जे चा पण 2014 ला ग्वाल्हेरजवळ अपघात झालाय. जुनेपणाचा संबंध असा की विमान कुठं पडलं हे लगेच सांगणारं बीकन, डोंगर जवळ आला म्हणून ओरडणारं यंत्र, चांगलं हवामान रडार, या गोष्टी जुन्या विमानात एक तर नसतात नाहीतर जुन्या असतात. अपग्रेड लांबला की भोगावं लागतं ते इथं.

आता एमटीए. म्हणजे मीडियम ट्रान्सपोर्ट एअरक्राफ्ट. हे नाव नवं नाही, हेच जास्त वाईट. 2007 मध्येच रशियाशी ठरलं होतं की दोघं मिळून 20 टनांचं विमान बनवू, 2012 ला एचएएल आणि रशियन कंपनीचा प्राथमिक डिझाईनचा करार झाला. इंजिनावर अडलं. आपण म्हणालो पूर्ण कॉम्प्युटर कंट्रोलचं नवं इंजिन पाहिजे, ते म्हणाले आमचंच हाय ते घ्या. 2016 च्या आसपास आपण बाहेर पडलो. ती जवळपास दहा वर्षं गेली ती गेलीच, आणि तेवढी दहा वर्षं एएन-32 नं जास्त ओढली. पुढं 2022 च्या डिसेंबरमध्ये एअरफोर्सनं पुन्हा माहिती मागवली, 18 ते 30 टन माल नेणारं विमान, आणि 40, 60, 80 विमानांसाठी कंपन्यांकडून अंदाज मागितले.

रिंगणात तीन. लॉकहीडची सी-130जे, टाटांबरोबर, साधारण 20 टन. ब्राझीलच्या एम्ब्राएरची सी-390, महिंद्रांबरोबर, 26 टन, ही जेट. आणि एअरबसची ए400एम, 37 टन, चार टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याची इंजिनं.

टनांच्या या आकड्यांमागं एक रणगाडा लपलाय. झोरावर नावाचा हलका रणगाडा डीआरडीओ आणि एल अँड टी नं बनवलाय, 25 टनांचा, लडाखसाठीच. तो सी-130जे मध्ये बसत नाही. सी-390 मध्ये कागदावर बसतो, पण लेहच्या उंचीवर उतरताना-उडताना किती माल न्यायला परवानगी मिळंल ते वेगळं गणित. ए400एम सहज नेते, पण ते विमान एएन-32 च्या कामाला लई मोठं आणि लई महाग. सध्या असला जड माल न्यायला सी-17 हाय, 70 टनांच्या वर नेती, पण आपल्याकडं 11 च, आणि त्याचा कारखाना 2015 लाच बंद पडला, अकरावं 2019 ला मिळालं तेच शेवटचं. दुसरं आयएल-76, ती पण 1985 पासूनची, तिचंही एएन-32 सारखंच दुखणं. 2020 ला गलवाननंतर लडाखला 68 हजार जवान, नव्वदेक रणगाडे असलं सगळं उचललं ते याच ताफ्यानं. म्हणजे एमटीए मागताना एअरफोर्स एका दगडात एएन-32 आणि आयएल-76 दोन्ही बघायलीय, आणि मला नेमकं तिथंच खटकतं.

कारण मोठं विमान घेतलं की संख्या कमी होती. टनांची बेरीज केली तर 60 मोठी विमानं शंभर एएन-32 पेक्षा कितीतरी जास्त माल नेतात, कागद एकदम खूश. पण पोस्टा टनांत नसतात, ठिकाणांत असतात. मेचुका, तुतिंग, वालाँग, विजयनगर, अरुणाचलच्या या पट्ट्यांवर एका वेळी लागतं पाच टन, तेही आजच, आणि उद्या हवामान बंद. आपल्याकडं सोयाबीनच्या सुगीत पाच शेतांवर माल पडलेला असताना दारात एक बारा टायरचा ट्रक उभा करून काय फायदा, पाणंदीतनं तो जातच नाही, तिथं तीन छोटे हत्तीच लागतात आणि ट्रक मोंढ्याच्या पुढं. इंग्लंडनं हेच केलं, 2023 ला सगळी सी-130जे काढून टाकली, सगळं काम 22 ए400एम वर टाकलं, आणि त्यांच्याच पार्लमेंटच्या कमिटीतून टीका झाली की विशेष दलांची बारीक कामं करणारं विमान गेलं.

म्हणून माझं मत असं, पटलं तर बघ. एएन-32 च्या जागी एक विमान शोधणं सोडून द्यावं. तिचं काम दोन वाट्यांत तोडावं. सपाटीवरची ने-आण, पॅराट्रूपर ट्रेनिंग, ईशान्येतल्या कमी उंचीच्या पट्ट्या, बेटं, जखमी आणणं हे सगळं सी-295 ला. वडोदऱ्याची लाईन 2031 पर्यंत चालूच हाय, ती थंड पडायच्या आत पुढची ऑर्डर द्यावी, कारण बंद पडलेली लाईन परत चालू करणं किती महाग ते सी-17 नं दाखवलंय. नेव्ही आणि कोस्ट गार्डसाठी 15 घ्यायला 2024 ला मंजुरी मिळालीच हाय, तीच रेघ पुढं ओढायची. आणि लडाखमधल्या लेह, थोईस, दौलत बेग ओल्डी असल्या उंचीच्या ठिकाणी जड माल न्यायला एमटीए, संख्या थोडी कमी चालंल.

त्यात कोणतं, तर मी फिटर माणूस, मी विमान आधी इंजिनावरनं बघतो आणि एकच विचारतो: हे इंजिन अजून कोण कोण वापरतं? एआय-20 चा एएन-32 वरचा प्रकार आपल्याशिवाय फार थोडे वापरायचे, म्हणून आपण अडकलो. सी-295 चं पीडब्ल्यू127 म्हणजे एटीआर-72 च्याच घराण्यातलं इंजिन, इंडिगोची छोटी विमानं त्याच्यावरच उडतात, पार्ट, वर्कशॉप, माणसं सगळी बाजारात मिळतात. सी-390 चं व्ही2500 हे जुन्या एअरबस ए320 वरचं, जगात हजारोंनी हाय, पण एअरलाईन आता पुढच्या इंजिनांवर गेल्यात, म्हणजे आज ढिगानं मिळंल, वीस वर्षांनी काय ते करारात पक्कं बांधून घ्यायला लागंल. ए400एम चं टीपी400 हे त्या एकाच विमानावर, आणि ते विमान घेणारे देश बोटावर मोजण्याइतके, तिथं माझा सरळ नकार. सी-130जे चं एई2100, पाचशेच्या वर सी-130जे जगात दिल्या गेल्यात, आणि आपल्याकडं 12 आधीच हायेत, 2013 ला दौलत बेग ओल्डीला 16 हजार 600 फुटांवर उतरून दाखवलंय, 2024 च्या जानेवारीत कारगिलला रात्री उतरवलंय. आपली माणसं तयार, टूल तयार, हँगर तयार. झोरावर तिच्यात जात नाही हे खरं. पण एका रणगाड्यासाठी सगळा ताफा निवडायचा का, हा प्रश्न मी विचारणारच. माझा कल सी-130जे कडं, सी-390 आली तरी रडणार नाही. अजून पाच वर्षं तुलनाच चालली तर मात्र रडंन.

विमान आलं म्हणजे संपलं असंही नाही, हा भाग पेपरात कधीच येत नाही. अॅव्ह्रोचे पाने इंची, एएन-32 चे मिलिमीटरचे, जॅक वेगळे, टो-बार वेगळे, ऑईल वेगळं, फॉर्म भरायची पद्धत वेगळी. वीस वर्षं एका इंजिनावर कान तयार झालेला सार्जंट, इंजिनाच्या नुसत्या आवाजावरनं सांगतो की प्रॉपचं गव्हर्नर बिघडायलंय, त्याला नव्या विमानावर टाकला की तो पहिल्या दिवशी शिकाऊ होतो. पायलटचं तसंच, सी-295 साठी आग्र्याला सिम्युलेटर बसवलाय तो त्यासाठीच. या काळात जुनं पण उडवायचं आणि नवं पण शिकायचं, माणसं तेवढीच. जुन्यावरची चांगली माणसं नव्याकडं ओढली जातात आणि जुनं विमान शेवटच्या वर्षांत नवख्या हातात राहतं, नेमकं तेव्हा जेव्हा त्याला जुना हात सगळ्यात जास्त पाहिजे असतो. मी पाहिलेल्या सगळ्या बदलांत हीच चूक परत परत होती. कॅनडाचं बघ, त्यांनी बचावकार्याचं बफेलो विमान 2022 च्या जानेवारीत रिटायर करून टाकलं आणि त्याच्या जागचं सी-295 तेव्हा कामाला तयारच नव्हतं, 2025 उजाडलं. मधल्या काळात दुसऱ्या विमानांनी ओढाताण करून भागवलं. त्यांना परवडलं, त्यांच्या सीमेवर चीन उभा नाही.

आता इकडचं. 2022 ला वडोदऱ्याचा कारखाना जाहीर झाला तेव्हा आपल्याकडं लई आरडाओरडा झाला, नागपूरच्या मिहानला यायला पाहिजे होता म्हणून. मला त्या भांडणात पडायचं नाही. पण एका सी-295 मध्ये भारतात करायचे 13,400 डिटेल पार्ट आणि 4,600 सब-असेंब्ली असं सरकारनंच सांगितलंय, ते सगळे काही एका छपराखाली होत नाहीत. असेंब्ली कुठं होती यापेक्षा ब्रॅकेट, पाईप, मशीन केलेले तुकडे कोण करतं याच्यात जास्त लोकांचं पोट हाय, आणि वाळूज-चिकलठाण्याला गाड्यांचे पार्ट करणारे कारखाने काय कमी हायेत का? अडचण मशीनची नसती, कागदाची असती. एएस9100 हे विमानाच्या पार्टसाठीचं दर्जाचं सर्टिफिकेट लागतं, प्रत्येक तुकड्याचा धातू भट्टीच्या कोणत्या हीटमधून आला तिथपर्यंतचा माग ठेवावा लागतो, आणि पहिली दोन-तीन वर्षं ऑर्डर एवढ्या बारीक की मोटारसायकलचे लाखो पीस करणाऱ्या मालकाला ते हास्यास्पद वाटतं. चाळीस विमानं म्हणजे चाळीसच सेट. पण ज्यानं ते केलं त्याला पुढची तीस वर्षं सुट्या भागांची ऑर्डर, कारण विमान विकून कंपनी जेवढं कमावत नाही तेवढं पार्टवर कमावती. आपण युक्रेनच्या दारात जे उभं राहिलो ना, ते उद्या दुसऱ्या कुणाच्या दारात राहायचं नसंल तर हेच पार्ट इथं व्हायला पाहिजेत.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. अग्निवीरवायूतून गेलास तर चार वर्षं, आणि पुढं जास्तीत जास्त पंचवीस टक्के लोकांना ठेवतात, हे घरी आधीच सांगून ठेव, म्हणजे नंतर भांडण नको. टेक्निकल ट्रेड मिळाला तर इंजिन नाहीतर एअरफ्रेम धर. बाहेरून यायचं असंल तर डीजीसीएचं (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) एएमई, म्हणजे विमान दुरुस्ती इंजिनिअरचं लायसन्स, त्याची परीक्षा मॉड्युलवर असती, इंग्रजी वाचायची सवय लागती, गणित जास्त नाही. आणि डिप्लोमा मेकॅनिकलचा असंल तर एनडीटीचा, म्हणजे पार्ट न तोडता तपासायचा लेव्हल-टू कोर्स करून ठेव, अल्ट्रासॉनिक आणि एडी करंट दोन्ही. जुनं विमान चालवणाऱ्याला पण तो माणूस लागतो आणि नवं बनवणाऱ्याला पण. कोर्स कुठं करायचा ते विचारायचं असंल तर परीक्षा झाल्यावर उदगीरला ये, सकाळी दहाच्या आत ये, नंतर मी शेतात असतो.